साहेबटोल्याचे देव किती

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. तिला मी बाकी बहुतेक सगळं सांगितलं आहे — तरुणपणी ढोसलेली मोहाची दारू, धाकट्या भावाला वाटणीत दिलेली खडकाळ बांधी, सगळं. हे नाही सांगितलं. पंधरा-सोळा वर्षं तोंडात मूग धरून बसलो आहे. मग तुम्हाला का सांगतो? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर कबुली देतानाही आपण स्वतःला जरा बरं करून सांगतो, आणि या गोष्टीत मला बरं दिसायचं नाही.

सुरुवात मास्तरांपासून करतो. गेल्या महिन्यात एक मास्तर माझ्याकडे आले. स्वराज्य आल्यापासून असल्या मास्तरांना ऊत आला आहे. गावोगाव हिंडतात आणि गावांच्या नावांचे अर्थ गोळा करतात, म्हणे आपली मुळं शोधायची आहेत. मी गोंदियात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होतो, सालेकसा-देवरीकडचं सगळं रान पायाखाली घातलेलं, म्हणून लोकांनी माझं नाव सुचवलं. मी जाणकार! चिचटोल्यात चिंच होती आणि आंबाटोल्यात आंबा होता, एवढं सांगायला जाणकार लागतो?

त्यांनी एकदेवटोल्याचा अर्थ विचारला. बोगद्याच्या अलीकडे रानात वीस-पंचवीस झोपड्यांचा टोला आहे तो. मी डोळे मिटले — जाणकार मिटतात तसे — आणि सांगितलं की तिथे पूर्वी एका देवाचं फार जुनं ठाणं होतं, बाकी सगळे देव सोडून लोक त्या एकालाच भजत. मास्तरांनी ते वहीत भराभर उतरवून घेतलं. "रानातसुद्धा एकेश्वराची ओढ!" म्हणाले. मी त्यांना अजून एक कप चहा पाजला.

खोटं. सगळं खोटं. तिथे कसलं ठाणं नव्हतं, नाही. ते नाव त्या टोल्याला पडून अजून वीस वर्षंही झाली नाहीत, आणि ते पडलं माझ्यामुळे.

पण असा एकदम उडी मारून मी तिथे पोचणार नाही. खरं सांगायचं तर मला पोचायचंच नाही. आधी माझ्या कुळाबद्दल ऐका, कारण सगळं विष तिथलंच आहे.

आम्ही कामठ्याकडचे पोवार. आमच्यात भाट येतो. दर काही वर्षांनी पिकं निघाली की भाट दारात येऊन बसतो, घरातली पोरंबाळं भोवती जमतात, आणि तो वंशावळ म्हणायला लागतो — अमक्याचा पोरगा तमका, तमक्याचा फलाणा, असं करत करत थेट धारानगरीच्या राजदरबारापर्यंत नेऊन भिडवतो. माझा बाप त्या वेळी मान ताठ करून बसायचा. एका वर्षी बापाने भाटाला दुभती म्हैस दिली. त्यानंतर आमच्या वंशावळीत एक सरदार जास्तीचा आला, हत्तीवर बसलेला! मी लहान होतो, पण एवढा लहान नव्हतो. मी हसलो आणि बापाची एक थप्पड खाल्ली. तेव्हापासून मला ठाऊक आहे की कूळ म्हणजे काय वस्तू असते. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात ते उगीच नाही.

आता गंमत बघा. ठाऊक असूनसुद्धा तो हत्तीवरचा सरदार मी सोडला नाही. बाजारात कोणी खालच्या आवाजात बोललं नाही की मला वाटायचं, मूर्खा, मी कोण आहे ठाऊक आहे का तुला? म्हशीच्या दुधातून जन्मलेला तो सरदार माझ्या पाठीशी उभा असायचा. असा मी. मास्तरांना हसतो, भाटाला हसतो, आणि रात्री त्याच सरदाराच्या जोरावर कूस बदलतो.

तर आता साहेबाचं सांगतो. पहिली मोठी लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. हिवाळ्याचे दिवस, धान कापून झालेले. कलकत्त्याच्या कुठल्याशा ज्यूट गिरणीतून एक तरुण गोरा गोंदियाला उतरला. नाव टिअर्नी. आमच्या ठेकेदाराला रेल्वेचे स्लीपर पुरवायचे असायचे, त्यामुळे कोणत्याही गोऱ्या कातडीला बघून त्याच्या कमरेत आपोआप वाक यायचा. त्याने मला साहेबाच्या दिमतीला दिलं, कारण मला इंग्रजी येत होतं.

पहिल्याच तासात साहेबाने मला सुनावलं की तो इंग्रज नाही, आयरिश आहे. इंग्रजांनी त्याच्या देशाला लुटलं, गावांची नावंसुद्धा मोडून टाकली, वगैरे. मी मान डोलावली. मला तर ते दोघंही एकाच बाटलीतले वाटत होते.

त्याचा आजा इंजिनियर. नागपूरहून कलकत्त्याकडे रूळ टाकले आणि पहाड फोडून बोगदा काढला, त्या काळी तो इथल्या रानात तंबू ठोकून राहत होता. काम संपलं, परत गेला, लग्न केलं, म्हातारा होऊन मेला. पण मरेपर्यंत नातवंडांना सांगत राहिला की हिंदुस्थानच्या जंगलात एक गाव आहे, ते माझ्या नावाने ओळखलं जातं. बस, तेवढ्यासाठी हा नातू आला होता. त्याला ते गाव बघायचं होतं. नावाचा अर्थ त्या गावच्या लोकांच्या तोंडून ऐकायचा होता. आपल्या रक्ताची खूण शोधतो आहे, म्हणाला. हेच शब्द.

सालेकश्यापर्यंत रेल्वेने गेलो, तिथून रेंगीने. बैलांच्या घुंगरांच्या तालावर साहेबाची जीभ सुटली. वाटेत दिसेल त्या गावाचं नाव विचारायचा, अर्थ विचारायचा. मला अर्थ ठाऊक नसला तरी सांगायचो. का नाही सांगणार? देवरीचं नाव काढताच तो टुणकन उठून बसला. त्याच्या मुलखात म्हणे डेरी नावाची ढीगभर गावं आहेत, आणि डेरी म्हणजे ओक झाडांचं रान. मी म्हणालो, साहेब, अगदी तेच, देवरी म्हणजेसुद्धा रान. बिचारा किती खूश झाला! दोन देश एका शब्दाने जोडले गेले म्हणाला. मी गाडीवानाकडे बघून डोळा मारला.

त्याचं स्वतःचं गाव डेरीमोर. मोर म्हणजे मोठं. मोठं ओकांचं रान. आता तिथे एकही ओक उरलेला नाही, असं तो म्हणाला. हे नाव लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

आणि त्याच्या आज्याचं गाव म्हणजे साहेबटोला. ठरलेलं होतं. दुसरं कुठलं असणार? वाटेत मी त्याला रंगवून सांगितलं की बोगद्यात दरड कोसळली तेव्हा त्याच्या आज्याने स्वतः आत जाऊन मजूर काढले, म्हणून लोकांनी टोल्याला साहेबाचं नाव दिलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यासाठी असं भाबडं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही. संध्याकाळच्या मुक्कामावर तो म्हणाला, कलकत्त्याला मोठ्या हापिसात माझ्यासाठी शब्द टाकीन. मी म्हणालो, आपली कृपा.

साहेबटोल्याचा खरा अर्थ त्या रानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. बोगद्यावर गोंड बाया मुरूम वाहायच्या. त्यातली एक या साहेबाच्या आज्याने ठेवली. तिच्यासाठी रानात एक झोपडी बांधली, भोवती तिच्या नात्यातल्या चार-दोन झोपड्या झाल्या, आणि आजूबाजूचे लोक नाक मुरडून त्याला साहेबाचा टोला म्हणायला लागले. बोगदा झाला. साहेब गेला. बाई पोटुशी मागे राहिली. तिला मुलगा झाला — सुकलू. घाऱ्या डोळ्यांचा.

तो सुकलू त्या वेळी पन्नाशीकडे झुकलेला. त्याला मी दुरून ओळखत होतो. आमच्या ठेक्यावर लाकूड तोडायला यायचा. त्याचे डोळे बघून ठेक्यावरची माणसं त्याला काहीबाही बोलायची आणि तो ऐकून घ्यायचा. मीही बोललो आहे.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोंडांत सोयरीक जुळवताना पत्रिका बघत नाहीत, देव विचारतात. तुमच्या घरी देव किती? कोणाकडे चार, कोणाकडे पाच, कोणाकडे सहा, कोणाकडे सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न नाही. ज्यांचे वेगळे त्यांच्यात लग्न. साधा हिशेब आहे आणि आमच्या भाटाच्या हत्तीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. देव बापाकडून येतात. आईकडून येत नाहीत.

सुकलूचा बाप साहेब. मग सुकलूचे देव किती? आईला सांगता आलं नाही, तिने कधी विचारलंच नव्हतं. सुकलू मोठा झाल्यावर त्याच्या घरी एक बाई लग्नाशिवाय आपणहून येऊन राहिली, पंचांनी दंड घेतला, जेवण घेतलं, नि डोळेझाक केली. पण त्याची मुलगी मैना लग्नाची झाली तेव्हा घोडं अडलं. देवरीकडच्या एका घरी मुलगा होता. मुलाला मैना पसंत, मैनेला मुलगा पसंत, बापसुद्धा भला माणूस. तो म्हणाला, दंड नको, काही नको, फक्त देव सांगा. आमच्याएवढेच निघाले तर बहीणभावाचं लग्न लावल्याचं पाप माझ्या माथी यायचं. नसेल ठाऊक तर विचारून या.

कोणाला विचारणार? आणि नेमका त्याच हिवाळ्यात साहेबाचा नातू रेंगीत बसून आला. रानात बातमी बैलांच्या पुढे धावते. आम्ही पोचलो तेव्हा टोला सारवून ठेवलेला होता.

साहेबाला मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसवलं. मी बाजूला उभा. सुकलू आला. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला नवा पटका बांधून आला होता. मागे मैना, कमरेवर पाण्याचा घडा. त्याने खाली बसून साहेबाच्या बुटाला हात घातला — पाहुण्याचे पाय धुवायची त्यांच्यात रीत आहे — आणि साहेबाने लाजून पाय मागे घेतले. काका पुतण्याचे पाय धुवायला वाकला होता. हे त्या जागी फक्त एका माणसाला ठाऊक नव्हतं.

सुकलू उठला आणि माझ्याकडे वळला. हात जोडले. म्हणाला, "मालक, येले सांगा. येचा आजा थो माहा बाप. मले काई नाई पायजे, धन नाई, जमीन नाई. फक्त पुसा, येच्या घरी देव किती? अना गाव कोनतं?"

साहेब त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मला म्हणाला, याचे डोळे किती वेगळे आहेत, आमच्याकडे असे असतात. मी म्हणालो, रोग आहे साहेब, या रानात पुष्कळांना होतो.

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

मग त्याने विचारलं, हा काय म्हणतो आहे? आणि मी सांगितलं — म्हणतो की गरीब आहे, मुलीचं लग्न आहे, बक्षीस मागतो आहे.

झालं. एवढंच ते वाक्य. यासाठी मी तुम्हाला इतकं फिरवून आणलं.

साहेबाला आपल्या भाषेतले जे चार शब्द येत होते त्यात बक्षीस होता. त्याचा चेहरा उतरला, मला ते दिसलं. रक्ताची खूण शोधायला आलेला माणूस, आणि समोर पुन्हा तोच पसरलेला हात! पण मनाने वाईट नव्हता. त्याने खिशातून चांदीचा रुपया काढला, सुकलूच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटली. क्षणभर तसाच धरून राहिला. मग हात सोडला.

सुकलूने मूठ उघडली. रुपयावर बादशहाचं दाढीवालं डोकं. त्याने ते उलटून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"एक?" त्याने विचारलं.

मला कळलं नाही असं मी आज म्हणू शकतो. कोण तपासायला येणार आहे? पण मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं की याने देव विचारले आणि याला वाटतं आहे की हे उत्तर आहे. लोखंडाचे तुकडे देव म्हणून मडक्यात घालून झाडाला बांधणाऱ्या माणसाला चांदीचा तुकडा हातात मिळाला तर तो दुसरं काय समजणार? तिथे तरी मी तोंड उघडू शकलो असतो. मी मान हलवली. हो, एक.

"अना गाव?"

गाव लई दूर आहे म्हणालो. तुला काय करायचं आहे.

मैना हसली. बापाच्या मुठीकडे बघून हसली. तिला वाटलं, सुटलो. तिने तो घडा खाली ठेवला आणि मलाच पाणी दिलं प्यायला. मी प्यालो.

पुढचं मला रेंगीवाल्याकडून बाजारात कळलं. पंच बसले. देवरीची माणसं आली. सुकलूने ताठ उभं राहून सांगितलं, आमच्या घरी एक देव. आधी पंच बोटांवर मोजायला लागले, कारण चार, पाच, सहा, सात असतात, एक कुठेच नसतो. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, कोणता रे? सुकलूने कमरेची गाठ सोडली आणि तो रुपया दाखवला. रेंगीवाला सांगत होता, लोक हसता हसता आडवे झाले. मुलाचा बाप हसला नाही म्हणे. तो उठला, सुकलूच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलाला घेऊन निघून गेला. एक देव म्हणजे कोणाचे भाऊ आणि कोणाचे सोयरे, हे त्याला कोण सांगणार होतं?

तेव्हापासून ते घर एकदेव्यांचं झालं. घराचं नाव टोल्याला लागलं, साहेबटोल्याचा एकदेवटोला झाला. मुलाचं लग्न दुसरीकडे लागलं. पुढच्या वर्षी चहाच्या मळ्यासाठी मजूर नेणारा दलाल रानात आला, तेव्हा मैना त्याच्याबरोबर आसामला गेली. गाडी तिच्या आज्याने फोडलेल्या बोगद्यातूनच गेली असणार, दुसरा रस्ता नाही. ती परत आलेली नाही. बरी आहे असं सुकलू सांगतो. त्याला कसं ठाऊक, हे मी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नोकरीसाठी केलं. साहेबाने शब्द टाकायचा होता, दरडीची खोटी गोष्ट उघडी पडली असती, म्हणून घाबरला. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगितलं. भित्रा म्हणवून घ्यायला सोपं असतं, भीती सगळ्यांनाच वाटते. आणि नोकरी म्हणाल तर साहेबाने कलकत्त्याला जाऊन माझं नावसुद्धा काढलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

पण भीती नव्हती हो. मला आठवतं ना. त्या झाडाखाली मला भीती वाटत नव्हती, मला किळस वाटत होती. हा लंगोटीवाला, ठेक्यावर ज्याला मी अरेतुरे करतो, ज्याच्या डोळ्यांवरून मी विनोद करतो — मी एक वाक्य सरळ सांगितलं की हा साहेबाचा काका होणार! खरा. रक्ताचा. साहेब उठून त्याला मिठी मारणार, त्याच्या खाटेवर बसणार, आणि मी? मी बाजूला उभा असलेला बाबू. माझा तो हत्तीवरचा सरदार म्हशीच्या बदल्यात आलेला, आणि याचा बाप सात समुद्रांपलीकडून येऊन समोर बसलेला. त्याला असं खरं कूळ मिळावं आणि ते माझ्या तोंडून मिळावं, हे मला सहन झालं नाही. बस. मत्सर म्हणा. मला त्याहून हलका शब्द सापडत नाही, आणि सापडला तर मी तोच वापरीन.

आणि मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त तिटकारा येतो ती ही, की विचारायचीसुद्धा गरज नव्हती. साहेबाच्या गळ्यात काळ्या दोरीला क्रूस होता. मुक्कामावर तो गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचा, मी पाहिलं होतं. त्याच्या घरी खरंच एक देव होता. गाव डेरीमोर, मोठं झाडांचं रान. दोन्ही उत्तरं माझ्याच तोंडात होती. सुकलूला ते गाव किती आवडलं असतं! आम्ही झाडांच्या रानातले, तेही झाडांच्या रानातले, असं पंचांना छातीवर हात मारून सांगितलं असतं त्याने. साहेब शेजारी उभा राहून काका म्हणाला असता तर त्या एका देवाला कोण हसलं असतं? कोणीतरी पंच म्हणाला असता की नवं कूळ आहे, देऊन टाका पोरगी. कदाचित नसताही म्हणाला. पण विचार तरी झाला असता. माझं खोटं चुकून खरं निघालं, म्हणून काही दिवस मी मनाची समजूत घातली होती. किती दिवस घातली ते विचारू नका, लाज वाटते.

सुकलू अजून आहे. म्हातारा झाला आहे. तो रुपया त्याने मडक्यात घालून येनाच्या झाडाला बांधला आहे आणि त्याला कोंबडा दाखवतो. लोक हसतात, तो ऐकून घेतो. आणि दर दिवाळीच्या सुमारास तो गोंदियाच्या बाजारात सीताफळं विकायला येतो. सगळ्या टोपल्या विकतो, एक विकत नाही. ती पळसाच्या पानांनी झाकून माझ्या दारात आणून ठेवतो. का? मी त्याच्यासाठी साहेबाला विचारलं म्हणून. सगळे डोळ्यांवरून हसायचे, मालकाने मात्र विचारून दिलं. दर वर्षी हेच म्हणतो. माझी बायको म्हणते, बघा रानातली माणसं, किती इमानी असतात. मी सीताफळाच्या बिया थुंकतो.

मास्तर येऊन गेल्यावर आठच दिवसांनी तो आला. ओसरीवर टेकला, घाम पुसला. स्वराज्य आलं, साहेब लोक चालले, हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्याला काळजी लागली होती की आता कोणी यायचं नाही. जरा वेळाने म्हणाला, "मालक, एक गोठ राह्यली. माह्या बापाच्या गावाचं नाव तुमच्या ध्यानात हाय काय? मराच्या आदी एकडाव तोंडानं घ्यावंसं वाटते."

ओसरीवर आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हता, ठेकेदार नव्हता, नोकरी नव्हती. माझ्याकडून कोणी काही हिरावून घेणार नव्हतं. चार अक्षरं होती.

मी म्हणालो, विसरलो रे.

तो म्हणाला, होते मालक, लई साल झाले. आणि टोपली माझ्याकडे सरकवली. मी घेतली.

गावाचं नाव डेरीमोर. तुम्हाला लिहून सांगितलं. तुम्हाला त्याचं काही करायचं नाही, म्हणून सांगता आलं. सुकलूला वाचता येत नाही.